घर फिरलं तरी न फिरलेला वासा

९ मे १९९२. वेम्बलीवर इंग्लिश फुटबॉलमधल्या एफए कपचा अंतिम सामना. बोगद्यातून लिव्हरपूलचा संघ बाहेर आला तेव्हा सर्वांत पुढे चालणारा माणूस त्यांचा मॅनेजर नव्हता. मॅनेजर ग्रॅम सूनेस यांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेला जेमतेम महिना झाला होता. ते बाकावर येऊन बसले हेच खूप. संघाच्या पुढे होता त्यांचा अठ्ठावन्न वर्षांचा प्रशिक्षक रॉनी मोरन. लिव्हरपूलने सुंदरलँडला २-० असं हरवलं. नंतर पदकं वाटताना गोंधळ झाला. विजेत्यांच्या हातात हरलेल्यांची पदकं पडली आणि मैदानावरच दोन्ही संघांना ती अदलाबदल करून घ्यावी लागली.

मोरनला त्याचं फार काही वाटलं असेल असं मला वाटत नाही. पदकांशी त्याचं नातं तसंही विचित्रच होतं. त्या काळातले कितीतरी खेळाडू ही आठवण सांगतात: लीग जिंकून झालेली, उन्हाळ्याची सुट्टी संपलेली, नव्या हंगामाच्या सरावाचा पहिला दिवस. मोरन एक खोकं घेऊन यायचा आणि सांगायचा की यात गेल्या वर्षीची पदकं आहेत, आपण कमावलंय असं ज्याला वाटतं त्यानं एक उचलावं आणि गेलं वर्ष विसरून कामाला लागावं. समारंभ नाही, भाषण नाही. भाजीवाला पिशवीत वरून मूठभर कोथिंबीर टाकतो तशी इंग्लंडच्या विजेतेपदाची पदकं वाटली जायची.

हा माणूस १९४९ साली पोरवयात क्लबच्या दारात आला आणि १९९८ साली निवृत्त होऊन बाहेर पडला. एकोणपन्नास वर्षं एकच दार. डावा बचावपटू म्हणून ३७९ सामने, १९६४ च्या लीग विजेतेपदात वाटा, मग १९६६ पासून प्रशिक्षक. बिल शँकलींपासून रॉय इव्हान्स यांच्यापर्यंत सहा मॅनेजर त्यानं बाकावरून पाहिले. प्रशिक्षक म्हणून त्याच्या बत्तीस वर्षांत क्लबने ११ वेळा लीग जिंकली आणि ४ वेळा युरोपियन कप. १९९१ मध्ये केनी डॅलग्लिश अचानक सोडून गेले तेव्हा आणि १९९२ मध्ये सूनेस आजारी पडले तेव्हा, अशा दोन वेळा त्यानं तात्पुरती गादी सांभाळली आणि वेळ आल्यावर मुकाट्याने परत केली. २०१७ च्या मार्चमध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी तो गेला.

(मराठीत खेळाडूला आपण अरे-तुरे करतो आणि त्याच्या गुरूला अहो-जाहो. सचिन ‘तो’, आचरेकर सर ‘ते’. मोरनसारख्याचं काय करायचं? तो गुरूच, पण दिवसभर सरावात ओरडणारा, खेळाडूंनी ‘बग्सी’ असं टोपणनाव ठेवलेला गुरू. मॅनेजरांना मी ‘ते’ म्हणतो आहे. मोरन ‘तो’च राहू दे.)

अशा माणसांवर चाहते जीव टाकतात. आर्सेनलच्या चाहत्यांनी पॅट राइसवर टाकला. १९७१ साली लीग आणि कप जिंकणाऱ्या संघात तो खेळला आणि १९९८ व २००२ साली तेच दुहेरी यश मिळालं तेव्हा मॅनेजर आर्सेन वेंगर यांच्या शेजारी बसलेला होता. बायर्न म्युनिकच्या चाहत्यांनी हेर्मान गेर्लांडवर टाकला. त्याला तिथे ‘टायगर’ म्हणतात. यांपैकी कुणाच्या नावावर अंतिम सामन्यातला गोल नाही, निवृत्तीनंतर विकली जाणारी जर्सी नाही. तरीही यांचं नाव निघालं की चाहत्यांचा आवाज मऊ होतो. या मायेकडे सहसा कौतुकाने आणि थोड्या कीव केल्यासारख्या नजरेने पाहिलं जातं. जुनं ते सोनं म्हणणारी भाबडी माणसं, दुसरं काय?

मला हे पटत नाही. ही माया भाबडी नाही. तिच्यात एक मागणी दडलेली आहे आणि चाहत्यांनी ती मागणी म्हणून कधी मांडलेली नाही, एवढीच तिची चूक आहे.

चाहता कोण असतो ते आधी पाहू. क्लबमधल्या प्रत्येकाला दुसरं कुठेतरी जायची सोय असते. खेळाडूला जास्त पगाराचा क्लब असतो, मॅनेजरला पुढची नोकरी, मालकाला गिऱ्हाईक. फक्त चाहत्याला बदली मिळत नाही. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे फुटबॉल संघाचं नावच तालीम मंडळ असतं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण. ज्या पेठेत जन्मलात तो तुमचा संघ, विषय संपला. शाहू स्टेडियमवर संघ कितीही गचाळ खेळला तरी दुसऱ्या दिवशी पेठेतच उठायचं असतं. म्हणून एकोणपन्नास वर्षं एकाच दाराने ये-जा करणारा मोरन दिसतो तेव्हा चाहत्याला क्लबच्या आतल्या गोटात आपल्यासारखा एक माणूस दिसतो. न जाणारा. त्याच्यावरचं प्रेम म्हणजे क्लबवर आपलाही हक्क आहे हे सांगण्याची एक आडवळणाची रीत.

आता ही रीत क्लबच्या हिताची आहे का? हा खरा वादाचा मुद्दा आणि त्यासाठी १९५९ च्या डिसेंबरात जावं लागेल. लिव्हरपूल तेव्हा दुसऱ्या श्रेणीत रुतलेलं होतं. शँकली आले. नव्या मॅनेजरने जुन्या माणसांना नारळ देऊन आपली माणसं आणायची, ही चाल तेव्हाही होतीच. शँकलींनी तसं केलं नाही. बॉब पेस्ली, जो फॅगन, रूबेन बेनेट ही मंडळी आधीपासून तिथे होती. त्यांना त्यांनी ठेवून घेतलं आणि बदल्यात फक्त निष्ठा मागितली. क्लबच्या ॲनफिल्ड मैदानाच्या स्टँडखाली बूट टांगायची एक खोली होती, तिथे क्रेटवर बसून ही माणसं सामन्यांचा काथ्याकूट करत. सामना संपला की पाहुण्या संघाच्या मॅनेजरला आत बोलावून प्यायला देत आणि गप्पांच्या ओघात त्याच्याकडून हवं ते काढून घेत. हीच ती प्रसिद्ध ‘बूट रूम’. पुढे मोरन आला, रॉय इव्हान्स आले.

शँकली १९७४ मध्ये पायउतार झाले तेव्हा क्लबने बाहेर शोधाशोध केली नाही. पेस्लींना बसवलं. १९३९ साली खेळाडू म्हणून आलेला, मग खेळाडूंच्या दुखापती पाहणारा, मग सराव घेणारा, बोलण्यात अडखळणारा हा माणूस. नऊ वर्षांत ६ लीग आणि ३ युरोपियन कप. त्यांच्यामागून फॅगन आले आणि पहिल्याच हंगामात लीग, लीग कप आणि युरोपियन कप असे तीन चषक घेऊन बसले. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात असं आपण म्हणतो. या घरात कर्ता बदलत गेला आणि वासे जागच्या जागी राहिले.

त्या खोलीत वह्या होत्या, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. रोजच्या सरावात काय केलं, कोण दुखावला, त्याला बरं व्हायला किती दिवस लागले, हे लिहून ठेवायची तिथे सवय होती. काही वर्षांनी तसंच काही घडलं की मागची वही काढायची. वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात; इथे डाव राखलेले नव्हते, वहीत उतरवलेले होते. पण वही वाचता येणारा माणूसही लागतो. ‘अमुक दिवशी सराव हलका ठेवला’ या ओळीमागचं कारण ज्याला आठवतं तो निघून गेला की वहीची रद्दी होते.

२०१३ साली मँचेस्टर युनायटेडमध्ये याच्या अगदी उलट घडलं. ॲलेक्स फर्ग्युसन लीग जिंकून निवृत्त झाले, डेव्हिड मॉयस आले. माइक फेलन, रेने म्युलेनस्टीन, गोलरक्षकांचे प्रशिक्षक एरिक स्टील, सगळे गेले. मॉयस यांनी एव्हर्टनमधली आपली माणसं आणली. गतविजेता संघ त्या हंगामात सातवा आला आणि मॉयस यांना दहा महिन्यांत घरी जावं लागलं. याला एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. संघ म्हातारा होत होता आणि फर्ग्युसन यांच्या खुर्चीत कुणीही बसला असता तरी त्याला चटके बसलेच असते. पण कुठला खेळाडू कशाने पेटून उठतो आणि कशाने मिटून जातो हे ज्यांना ठाऊक होतं ती सगळी माणसं एकाच उन्हाळ्यात दाराबाहेर. नव्या नवरीने माप ओलांडायच्या आधीच सासरची जुनी भांडी भंगारात काढावीत, तसं.

आता माझ्या बाजूला अडचणीचं ते सांगतो.

पहिलं म्हणजे, मुरलेल्या माणसाकडे ज्ञान असतं तशा अंधश्रद्धाही असतात, आणि दोन्ही एकाच गाठोड्यात असतात. लिव्हरपूलचे खेळाडू वर्षानुवर्षं ॲनफिल्डवर कपडे बदलून बसने मेलवूडच्या मैदानावर जात आणि सराव संपल्यावर घामेजल्या अंगाने बसनेच परत येऊन आंघोळ करत. सूनेस यांनी ही भानगड बंद केली. सरळ मेलवूडलाच या, तिथेच उरका. बाहेरून पाहणाऱ्या कुणालाही हे शहाणपणाचंच वाटेल. त्यानंतर दुखापती वाढल्या तेव्हा जुनी मंडळी म्हणू लागली की त्या बसच्या प्रवासात अंग हळूहळू निवायचं, ते बंद झालं म्हणून हे झालं. खरं की खोटं? मला कळलेलं नाही. ते ज्ञान असेल किंवा सवयीला दिलेलं शास्त्राचं नाव असेल. जुन्या माणसाला घरात ठेवायचं म्हणजे हा निवाडा दरवेळी नव्याने करत बसायचं, आणि नव्या मॅनेजरला तेवढी उसंत नसते हे मान्य.

दुसरी अडचण जास्त बोचरी आहे. सूनेस गेल्यावर १९९४ मध्ये क्लबने रॉय इव्हान्स यांना मॅनेजर केलं. घरचा माणूस, चाहत्यांचा लाडका, बूट रूमचा शेवटचा वारस. ती खोली तर आधीच, १९९३ मध्ये, पत्रकारांसाठी जागा करायला पाडली होती. इव्हान्स यांनी १९९५ चा लीग कप जिंकला, संघ देखणा खेळायचा, पण लीग काही आली नाही. १९९८ मध्ये क्लबने त्यांच्या जोडीला जेरार उलिए यांना बसवलं. एका म्यानात दोन तलवारी. नोव्हेंबरमध्ये इव्हान्स बाहेर पडले. आणि मग उलिए या बाहेरच्या फ्रेंच माणसानेच खाण्यापिण्यापासून सरावापर्यंत सगळं बदलून २००१ मध्ये एका हंगामात तीन चषक आणले.

म्हणजे माझा युक्तिवाद कोसळला? मला वाटतं, उलट नीट झाला. चाहत्यांची माया नेहमी इथेच घसरते. आपल्या लाडक्या सहायकाचं कौतुक करायचं म्हणजे त्याला मॅनेजर करा, याहून दुसरी भाषाच तिला येत नाही. ज्याचं सारं मोल दुसऱ्या खुर्चीत बसण्यात आहे त्याला पहिलीवर बसवायचं, आणि तो पडला की हळहळायचं. पेस्ली यशस्वी झाले म्हणून प्रत्येक दुय्यम माणूस पेस्लीच असतो असं नाही. मोरन स्वतःला ओळखून होता. दोनदा ती खुर्ची उबवली, दोनदा सोडली.

चाहत्यांची दुसरी खोड म्हणजे हे प्रेम फार उशिरा सुचतं. जॉन आख्टरबर्ग २००९ पासून लिव्हरपूलमध्ये गोलरक्षकांचं प्रशिक्षण पाहत होता. २०१८ च्या मे महिन्यात कीव्हमध्ये रेआल माद्रिदविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात गोलरक्षक लोरिस कारियसच्या हातून त्या दोन भयंकर चुका झाल्या. त्या काळात आख्टरबर्गला हाकला म्हणणाऱ्यांची कमी नव्हती. मुंबई-पुण्यात रात्र रात्र जागून सामने पाहणारे आम्हीही त्यात होतो, लपवायचं कशाला. दोन महिन्यांत नवा गोलरक्षक आलिसन आला, पुढच्या वर्षी चषक आला, आणि आख्टरबर्ग हळूच ‘आपला जॉन’ झाला. २०२४ मध्ये तो गेला तेव्हा पंधरा वर्षांचा हिशेब काढून सगळ्यांनी गळे काढले. म्हणजे माणूस चिकटून राहिला म्हणून आम्ही त्याच्यावर प्रेम केलं. आमचं ऐकलं असतं तर तो राहिलाच नसता.

त्याच उन्हाळ्यात मॅनेजर युर्गेन क्लॉप गेले. त्यांच्याबरोबर पेप लाइंडर्स गेले, माइन्त्सपासून क्लॉप यांच्या सावलीसारखे असलेले पेटर क्राविएत्झ गेले. आर्ने स्लॉट आपला चमू घेऊन आले. हल्ली सगळीकडे असंच चालतं. मॅनेजर एकटा येत नाही. सहायक, गोलरक्षकांचा माणूस, व्यायामाचा माणूस, चित्रफिती पाहणारा माणूस असं अख्खं बिऱ्हाड येतं आणि अख्खं बिऱ्हाड जातं. मॅनेजरची एका क्लबातली कारकीर्द आता सरासरीने इतकी आखूड झाली आहे की दर दोन-तीन वर्षांनी क्लबची आठवण कोऱ्या पाटीसारखी पुसली जाते. स्लॉट यांनी पहिल्याच वर्षी लीग जिंकली हे खरं, आणि ते माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं हेही खरं. पण तो संघ मॉयस यांना मिळाला होता तसा उतरणीचा नव्हता. भरल्या घरात आलेल्या पाहुण्यावरून सगळ्यांसाठी नियम ठरवता येत नाही.

आजच्या काळात दुसरं काही शक्यच नाही असं कुणी म्हणालं तर मी गेर्लांडकडे बोट दाखवीन. फिलिप लाम, बास्टियान श्वाइनश्टायगर, थॉमस म्युलर, डेव्हिड आलाबा यांच्या घडणीत या माणसाचा हात होता. बायर्नने त्याला फान खाल, हाइंकेस, ग्वार्डिओला, आंचेलोटी, फ्लिक अशा एकाहून एक हट्टी मॅनेजरांच्या शेजारी बसवलं. ग्वार्डिओला आले ते आपली माणसं घेऊनच, तरी गेर्लांड बाकावर होताच. हे कुठल्या मॅनेजरच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेलं नव्हतं. एक खुर्ची क्लबची आहे, ती मॅनेजरच्या पिशवीतली नाही, हे तिथे ठरलेलं होतं.

चाहत्यांनी मागावं ते हेच. मॅनेजर कोण हे त्यांनी ठरवू नये, सहायक कोण हेही नाही. तसं झालं तर दर सोमवारी नवा सहायक लागेल. पण दोन-तीन पदं क्लबने स्वतः भरावीत, त्यांचा करार मॅनेजरच्या कराराला बांधलेला नसावा, आणि हे मॅनेजरची मुलाखत घेतानाच त्याला सांगावं. जो म्हणेल की माझी माणसं नसतील तर मी येत नाही, त्याला नमस्कार करावा. क्लबने नेमलेल्या माणसाला मॅनेजर हेर समजतील, त्याने मालकांच्या कानाला लागायची भीती राहील, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर पक्का उपाय नाही. योग्य माणूस निवडायचा, एवढंच. मोरनने सहा मॅनेजर पाहिले आणि त्यांच्यापैकी कुणालाही आपल्या पाठीत सुरा दिसला नाही.

मागायची ताकद चाहत्यांकडे नाही असंही नाही. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी सुंदरलँडविरुद्धच्या सामन्यात सत्त्याहत्तराव्या मिनिटाला ॲनफिल्डवरून हजारो लोक उठून चालू पडले. मालकांनी नव्या स्टँडमधलं तिकीट ७७ पौंडांपर्यंत नेलं होतं म्हणून. लिव्हरपूल तेव्हा २-० ने पुढे होतं. सामना २-२ सुटला, आणि काही दिवसांत मालकांनी दर मागे घेतले. २०२१ च्या एप्रिलमध्ये बड्या क्लबांचा स्वतःपुरती वेगळी सुपर लीग काढायचा डाव चाहत्यांनी इंग्लंडभर तीन दिवसांत उधळला. २०२५ मध्ये तर तिथे कायदाच झाला. बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचा रंग बदलायचा तर क्लबला आता चाहत्यांना विचारात घ्यावं लागतं. जर्सीचा रंग हा वारसा ठरला. जर्सी सांभाळणारा माणूस ठरला नाही. आर्सेनलमध्ये विक एकर्स नावाचा असा एक माणूस होता. त्याने १९८७ साली क्लबचा महिला संघ उभा केला, पुढे पुरुषांच्या संघाचं किटही सांभाळलं, महिला संघ बावीस वर्षं चालवला आणि २००७ मध्ये त्या संघाला युरोपचा चषक जिंकून दिला. अशा माणसाला कुठल्या कलमात बसवणार?

माझ्या पेठेतल्या संघाचे एक आप्पा आहेत. पदाधिकारी नाहीत, प्रशिक्षक नाहीत. चाळीस वर्षं बॉलमध्ये हवा भरतात, बर्फ आणतात, पट्ट्या बांधतात. दोन हंगामांमागे संघाला बाहेरून नवा प्रशिक्षक आला. हातात टॅब, गळ्यात शिट्टी. आम्हाला वाटलं, आता आप्पांची खुर्ची उचलली जाणार. पहिल्या दिवशी सराव सुरू व्हायच्या आधी तो आप्पांशेजारी येऊन बसला आणि हळू आवाजात विचारलं, “आप्पा, यातली दुखलं तरी सांगत नाहीत अशी पोरं कोणती?”

आप्पांनी पंप खाली ठेवला. मैदानाकडे बघत म्हणाले, “तो सात नंबर. त्याचा बा बी असाच हुता.”